हेतलचे पुढचे दात

१४ जानेवारी २०२५
तारेचं टोक आज पुन्हा दोन दिसलं. खरं कुठलं ते बोटाने चाचपून ठरवलं. बारा वर्षं लोकांचे दात सरकवते आहे, पण असं कधी केलं नव्हतं. खुर्चीत हेतल होती. उरणजवळच्या करंजाहून दोन बस बदलून येते. तिला कळलं नसावं.

२१ जानेवारी
डोळ्यांची तपासणी. डॉक्टर हळू बोलायला लागले तेव्हाच समजलं. आठ वर्षांपूर्वी लेझरने चष्मा घालवला — मास्कमुळे काचांवर वाफ धरायची, बारीक काम जमेना. त्यात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ झाला. आता आतल्या दाबाने तो पुढे फुगतोय. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त.
"फुगणं थांबवायचा प्रयत्न करू. पण जेवढं पुढे आलंय ते मागे जाणार नाही."
पुढे आलेलं मागे न्यायचं, हाच माझा धंदा!

२२ जानेवारी
कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

१८ फेब्रुवारी
एका डोळ्याचं फुगणं थांबवायचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. आठ दिवस उजेड सोसत नव्हता. क्लिनिकमधल्या शकूला सांगितलं, डोळे आलेत.

८ एप्रिल
कडक लेन्स दिली आहे. दोन तास बरी, मग डोळ्यात वाळू.
हेतलचा एक्स-रे काढला. स्क्रीनला नाक लावून पाहिला. धूसर. वाटला ठीक. फाइलवर 'ठीक' लिहिलं आणि तारेचा जोर वाढवला. तिला घाई आहे. "मॅडम, विमानतळावर भरती निघनार हाय. तवर दात आत जातील ना?" म्हटलं, जातील.

१० जून
संध्याकाळी शकू म्हणाली, "मॅडम, सकाळी तुम्ही ब्रॅकेट उलटं धरलं होतंत." दातावर चिकटवायचा तो तुकडा माझ्या हातातून तिनेच काढून घेतला होता. "मी नाही कुणाला सांगणार." रागावली असती तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट
लेन्स झेपत नाही. आता कॉर्नियाच बदलायचा, म्हणजे नंबर लावून थांबायचं. त्यानंतरही बारीक कामाची खात्री नाही. विचारलं, "मग मी करू काय?" डॉक्टर कागद चाळत राहिले.
क्लिनिक बंद करते आहे. सगळे पेशंट भावेशकडे. आमच्या कॉलेजचा, उरणला असतो. चांगला हात आहे त्याचा.
घरी आल्यावर जेवले नाही. करण्यासारखं काही उरलंच नाही.

१९ ऑगस्ट
भावेशचा फोन. हेतलचे पुढचे चारही दात हलतायत. त्याने नवे एक्स-रे काढले — तारेच्या जोराने मुळं झिजून अर्धीही उरली नाहीत.
"दिपिका, एप्रिलच्या एक्स-रेमध्येच दिसतंय हे. तेव्हाच थांबायला हवं होतं." आणि मग, "तू बघितला होतास ना?"

२१ ऑगस्ट
करंजाला जाऊन हेतलला सगळं सांगितलं. माझे डोळे, तो एक्स-रे, दात कदाचित टिकणार नाहीत हेही. तिची आई रडायला लागली. हेतल रडली नाही.
"तुमाला दिसत नाय, ह्ये तुमाला तवा म्हायीत होतं ना? मग मला खुर्चीत कशाला बसवलंत?"