लॅम्बर्ट बंगल्यात उपटलेल्या घाणेरीबाबत

दि. २ फेब्रुवारी २००४

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
लॅम्बर्ट बंगला व ऐतिहासिक उद्यान,
महाबळेश्वर रस्ता.

विषय : श्रीमती कमळाबाई हैबती गमरे यांच्यावरील प्रवेशबंदी उठविणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २३ जानेवारी २००४.

महोदय,

१. रविवार, दि. १८ जानेवारी रोजी पोलादपूरजवळील आमच्या बौद्धवाडीच्या महिला मंडळाची एक दिवसाची सहल आपला बंगला व बाग पाहण्यास आली होती. आम्ही एकतीस जणी होतो. कमळाबाई या माझ्या सासूबाई असून त्यांचे वय अंदाजे त्र्याहत्तर आहे. आंबेनळी घाटात सात जणींना उलट्या झाल्या, सासूबाईंना झाली नाही. फाटकातून आत शिरताच त्या सर्वांच्या पुढे चालू लागल्या.

२. गुलाबाच्या पहिल्याच वाफ्यात 'दुर्मीळ विदेशी झुडूप, हात लावू नये' अशी पाटी लावलेले झुडूप होते. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ते मुळासकट उपटले. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, तेव्हा त्या त्यालाच म्हणाल्या, "आरे, ही घाणेरी हाय. गुलाबाच्या उशाला घाणेरी ठेवतात काय रे?" महोदय, ती घाणेरीच होती. आमच्या ओढ्याकाठी शेळ्याही तिला तोंड लावत नाहीत.

३. त्यांना अकरा ते साडेतीन पहारेकऱ्याच्या खोलीत बसवून ठेवण्यात आले. आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो व आळीपाळीने बंगला पाहिला. जबाब घ्यायला आपले एक माळी आले. त्यांनी नाव, वय, गाव विचारले. त्यानंतर सासूबाईच त्यांना विचारू लागल्या, की छाटणी कधी केली आणि पाणी बुंध्याशी का घालता. पुढील चौकशी वाफ्यावर झाली. जबाब चार पानांचा झाला असून त्यात गुन्ह्याबद्दल एकच ओळ आहे. सदर माळी गेल्या बुधवारी आजारपणाची रजा काढून एसटीने आमच्या घरी आले होते. गुलाबांना नवे फुटवे आले, एवढे सांगायला. त्यांची तब्येत उत्तम आहे. त्यांचे नाव कृपया विचारू नये.

४. आपल्या नोटिशीत वर्षभर प्रवेशबंदी, लेखी माफी आणि तसेच झुडूप मूळ जागी लावून देणे, असे फर्मावले आहे. माफी मी मंडळाच्या वतीने याद्वारे मागते. झुडपे वाडीमागे मुबलक आहेत. म्हणाल तर टेम्पो भरून पाठवू. परंतु नोटीस वाचून दाखवताच सासूबाई म्हणाल्या, "माज्या बापाच्या बागंत मी घाणेरी लावायची नाय."

५. माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली, पण हे मी प्रथमच ऐकले. त्यांचे वडील धोंडू हे साहेबाच्या काळात तेथे माळी होते. सासूबाई आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्यांच्या हाताखाली पाणी वाहत. मेमसाहेब वरच्या खिडकीतून बोट दाखवीत आणि धोंडूबाबा तेथे झाड लावीत. घरात शिरण्याची त्यांना मुभा नव्हती. संध्याकाळी वाट उतरताना ते लेकीला विचारीत, "वरनं कशी दिसत आसंल गो?" ते १९६१ साली वारले. सासूबाई त्या दिवशी बाग पाहायला आल्या नव्हत्या. त्यांना ती खिडकीतून पाहायची होती.

६. त्या खिडकीत मी उभी राहिले होते. बाग फार सुंदर दिसते. घरी आल्यावर मी त्यांना वर्णन करून सांगू लागले, तर त्यांनी मला गप्प केले. म्हणाल्या, "तू सांगू नको. मी बघनार हाय."

तरी वर्षभराची बंदी कोणावर तरी ठेवणे नियमाने आवश्यकच असेल, तर ती माझ्यावर ठेवावी व सासूबाईंना एकदा वर जाऊ द्यावे, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,

उज्वला अश्विन गमरे
सचिव, महिला मंडळ

सोबत :
(१) नोटिशीची छायाप्रत.
(२) सासूबाईंचे बंगल्याचे तिकीट, न फाडलेले. पाहून कृपया परत करावे. त्या रोज विचारतात.