चाळीस ठार

१५ सप्टेंबर
तिसरा झटका दिला तरी हँडल हललं नाही. बोल्ट पुढे, जागेवरच वेल्ड केलेला. नळीत शिसं ओतलेलं. मशीनगन पूर्ण निकामी आहे, असं खुशालराव सरांना सांगितलं. ते तिला तोफ म्हणतात. फौजेत एक दिवस काढलेला नाही, टोपी मात्र चितकबरी.

भातकुली रोडवरची ही त्यांची भरतीपूर्व अकादमी. एक मैदान, पत्र्याचं 'शौर्य दालन', गावोगावची पोरं. मी अकोल्याचा. बावीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त केली, आता दालन सांभाळायचं. खोली हवेशीर आहे. शिपाई शेषराव चहा चांगला करतो. बरं वाटतंय.

१८ सप्टेंबर
पाटीचा मजकूर लिहिला. मूळ रचना बेल्जियमची, पन्नासच्या दशकातली; पुढे आपल्याकडेही बनली. गोळ्यांचा पट्टा खाते, मिनिटाला साडेसहाशेच्या वर फैरी. दोन पायांवर एकटा जवान चालवतो, तिपाईवर ठेवली की तासन्‌तास चालते, रणगाड्यावरही बसते. मारायला तयार असते तेव्हा बोल्ट मागे असतो. नळी तापते, म्हणून ती चटकन बदलता येते.

हिचा सेवापट सोबत आला आहे. एकोणीस वर्षं, सगळी चांदमारीच्या मैदानावर. पुठ्ठ्याच्या माणसांशिवाय हिने कोणाला मारलेलं नाही.

सर वाचून हसले. म्हणाले, 'हवालदार, पुठ्ठे पाहाले कोण येईन? सीमेवर किती मारले ते लिहा.' किती, असं विचारलं. 'फौजी तुमी का मी?'

अशा माणसाशी काय बोलायचं. खिडकीबाहेर पोरं जोर काढत होती. मोजली. चाळीस. 'चाळीस ठार' लिहून दिलं.

२२ सप्टेंबर
पाटी लागली. पालक पाटीसमोर हात जोडतात. सर त्यांच्यामागे छाती काढून उभे.
दुपारी पुसताना नळी गरम लागली. पत्र्याचं दालन, ऊन. पण तिपाई थंड होती.

२६ सप्टेंबर
नळी पुन्हा गरम. आत टॉर्च मारला. शिसं नाही. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ स्वच्छ, तेल दिल्यासारखे.
दालनाची किल्ली शेषरावकडे असते. त्याला विचारलं. म्हणाला, 'भाऊ, मी तं तिच्याकडं पाहत बी नाही. पाटी लागल्यापासून ते मले ठीक नाई वाटत.' खुळा माणूस.

२९ सप्टेंबर
बोल्ट मागे आहे. वेल्डची खूणही नाही.
दसऱ्याला शस्त्रपूजन. पोरं तिच्या तोंडासमोर खुर्च्यांच्या रांगा करून बसणार. सरांना बोलावून आणलं. ते आले तेव्हा बोल्ट पुढे होता, वेल्ड जसंच्या तसं. त्यांनी हँडल ओढून पाहिलं आणि खो-खो हसले. 'वेल्ड केलेल्या लोखंडाले भेता? बावीस वर्षं काय भांडे घासून राहिले होते का?' खुर्च्या हलवणार नाहीत म्हणाले.

३० सप्टेंबर
पाटी उतरवली. तासाभरात सरांनी परत लावायला लावली. पुन्हा हात लावला तर घरी जा म्हणाले.
अकोल्याची बस दर अर्ध्या तासाला आहे. गेलो नाही. सर मूर्ख आहे. पण पोरं मोजली मी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुपार. दालनात एकटा. हिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठ वळली की परत खुर्च्यांकडे. तीनदा.
हिचे भाग सुटे करतो. तेवढं येतं मला.
नळी निघत नाही. हात भाजला —
पट्टा लागला आहे. आत्ता नव्हता. गोळ्या मोजल्या. चाळीसच —
मी समोर उभा राहिलो तर सगळ्या माझ्यावरच — मग उद्यासाठी —
बोल्ट

२ ऑक्टोबर, सकाळ
मी शेषराव लिहितो. ही वही प्रीतमभाऊची, अकोल्याला त्यांच्या घरी पाठवायची आहे. भाऊ काल दालनात पडलेले सापडले, बंदुकीसमोर. अंगावर जखम नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सरांनी कार्यक्रम रद्द केला नाही. मला हार घालायला लावला. बंदुकीला गोळ्यांचा भरलेला पट्टा आहे, तो सरांना दाखवला. सर म्हणाले, शोभून दिसते, राहू दे. पोरं आठ वाजताच येऊन रांगेत बसली.