वाटेवर ठेवलेली सॅक

शनिवार, सकाळ. बसमध्ये.

शाळेतल्या खेळाच्या बाई एकदा माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "तुमच्या लेकीचे पाय देवाने फक्त बाकाखाली हलवायला दिलेत." आज त्या बाई इथे असायला हव्या होत्या. पंचेचाळिशीत नवे बूट घालून मी डोंगरात निघाले आहे, तेही रात्रीच्या मुक्कामाला.

ही सगळी टिटवीची करणी. टिटवी म्हणजे माझी लेक. जन्मल्यापासून तिचा आवाज घरात थांबला नाही, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव पाडलं. डोंगररांगेवरून एक लांबच लांब पायवाट जाते. तिच्या वयाची पोरं ती सुट्टीच्या दिवसांत टप्प्याटप्प्याने चालतात. मागच्या खेपेला जिथे थांबलो तिथपर्यंत बसने जायचं, चालायचं, मध्ये एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावातून बस धरून घरी. टिटवीचे आधीचे टप्पे मैत्रिणींबरोबर झाले. या खेपेला कुणी मिळेना, म्हणून आई. नाइलाज आहे, हुरळून जाऊ नकोस, असं तिने बजावलंय. मी हुरळले आहे. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. मग हे बोलणं ऐकायला कुठे मिळणार?

शहराबाहेर मोठी बस सोडून आता छोट्या बसमध्ये आहोत. कंडक्टरने आमच्या सॅक बघून विचारलं, घर सोडून चाललात की काय? टिटवी म्हणाली, नाही, आईला सोडायला चाललेय. अख्खी बस हसली. मीसुद्धा.

शनिवार, दुपार.

जेवायला थांबलोय. ब्रेड, उकडलेली अंडी आणि टिटवीची बोलणी. पाय ओढू नकोस, बाटलीचं झाकण नीट लाव, दर दहा पावलांवर फुलं काय बघतेस. मी तिची आई आहे की ती माझी, तेच कळेनासं झालंय.

वाटेचा एक नियम तिने शिकवला. कुणाला आडोशाला जायचं असलं तर आपली सॅक वाटेच्या मधोमध ठेवून जायचं. मागून येणाऱ्याला कळतं, माणूस इथेच आहे. ती सॅक दुसऱ्याने उचलायची नाही, पाऊस आला तरी. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, असतो नियम. तू प्रत्येक गोष्टीची मुळं खणत बसतेस.

शनिवार, संध्याकाळ. मुक्कामाची खोली.

शेवटच्या उतरणीआधी टिटवी आडोशाला गेली. सॅक वाटेत ठेवून. मी शेजारी बसले. सकाळपासून तिच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ दिसत होते. मुक्कामाचं छप्पर खाली दिसत होतं, म्हटलं तेवढाच भार हलका. एक सॅक पाठीवर, एक पोटावर घेऊन मी पुढे निघाले. ती शाळेत असताना तिचं दप्तर असंच घ्यायचे. ती ओरडणार हे ठाऊक होतं. खरं तर तिने ओरडावं म्हणूनच घेतली.

ती ओरडली नाही. पुढच्या वळणावर समोरून आली.

मागे राहिलेली मुलगी पुढून कशी येईल? तिथे एका बाजूला दगडाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कडा. कुठून आलीस, विचारलं, तर हसली. दमलीस का आई, म्हणाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

खोलीत एक वयस्कर जोडपं उतरलंय. काकूंनी मला दोन सॅक घेऊन उतरताना पाहिलं होतं. दुसरी कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लेकीची. आईची पाठ, ओझ्याची सवय. त्या हसल्या नाहीत. ती परत यायच्या आधी उचललीत का, म्हणाल्या. हो म्हटल्यावर त्यांनी काकांकडे बघितलं, आणि दोघांनी आपली अंथरुणं उचलून पार दाराशी नेली.

टिटवी माझ्या शेजारी बसून आहे. मी काय लिहितेय ते विचारत नाही. ती नेहमी विचारते.

रविवार, सकाळ.

काका-काकू उजाडताच निघून गेलेत, निरोपसुद्धा न घेता. टिटवीने माझं अंथरूण घडी करून ठेवलंय, बाटल्या भरल्यात. तिची सॅक घे म्हटलं, तर गोड आवाजात म्हणाली, तूच घे ना आई, तुला आवडतं.

काल ती पुढे होती, आज मागे आहे. माझं पाऊल पडतं तेव्हाच तिचं पडतं. मी थांबले की ती थांबते. दोघी चालतोय, आवाज एकीचाच येतो.

सोमवार. घरी.

तिचे बाबा खूश आहेत. डोंगराची हवा मानवली म्हणतात, दर शनिवारी ने. काल मी सहज तिचा फोन मागितला. तिने उघडून माझ्या हातात दिला. कुठली विशीतली मुलगी आईला फोन उघडून देते?

दुधावरची साय तिला लहानपणापासून किळसवाणी वाटते. आज तिने ती बोटाने उचलून खाल्ली. माझ्याकडे बघत. बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखी.

मंगळवार.

तिची सॅक मी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलीय. ती तिच्या जवळून जात नाही. भिंतीला धरून, लांबून वळसा घालून जाते.

सकाळी सॅकला हात लावला. ओली होती. पट्टे, खिसे, सगळी दवाने भिजलेली. खिडक्या बंद होत्या.

बुधवार.

आजही ओली. तळाला लाल माती, ताजी.

तिच्या बाबांना दाखवली. म्हणाले, तुला सुख टोचतं. लेक भांडायची तेव्हा रडायचीस, आता शहाणी झाली तर संशय.

शहाणी मुलगी माझी नाही. मला माझी हवी.

गुरुवार.

संध्याकाळी सॅक मुद्दाम घरातल्या बोळात आडवी ठेवली. ती पलीकडे अडकली. वळसा घालायला जागा नाही. जेवायला ये म्हटलं. येते म्हणाली. आली नाही. नुसती उभी. हसत.

म्हणजे सॅक अजून टिटवीचीच आहे. टिटवी अजून तिथे आहे. मी तिची जागा हलवली, आता तिला वाट कशी सापडणार — उघड्यावर — सहा दिवस —

शनिवार. पुन्हा छोटी बस.

तिच्या बाबांना सांगितलं, पुढचा टप्पा. ती आपणहून तयार झाली. शेजारी बसलीय. कंडक्टरने ओळखलं. आज मुलगी गप्प का, म्हणाला.

दुपार. तीच जागा.

टिटवीची सॅक होती तिथे ठेवली. मधोमध. ती लांब, भिंतीला टेकून.

काही नाही. वारा.

थोड्या वेळाने.

खालून हाक आली. कड्याच्या बाजूने. टिटवी! चिडलेली — किती वेळ लावतेस, सॅक कुणी हलवायला सांगितली होती, अक्कल आहे का तुला — आवाज बसलाय. पण तीच. असं मला दुसरं कोण बोलेल?

वर ये म्हटलं. पाय सुजलाय म्हणते. तू ये, हात दे.

तिने बोलावलं की दुसऱ्याच कुणी — नाही. तीच आहे. असायला हवी.

उतरायला खाच आहे. माझी सॅकही वाटेत ठेवलीय, टिटवीच्या सॅकशेजारी. नियमाप्रमाणे. ही वही वरच्या खिशात ठेवते. आम्ही दोघी नाही आलो तर कुणाला तरी —

ती भिंत सोडून पुढे आलीय. टिटवीच्या सॅकला वळसा घालून. माझ्या जवळ. दमलीस का आई, म्हणते.

आता तिला एकच सांगणार आहे. हात जोडून. मी वर येईपर्यंत माझ्या सॅकला हात लावू नकोस. आजवर तिने मला कशालाच नाही म्हटलं नाही. याला म्हणेल. मला दिसतंय, म्हणेल. पट्टा तिने आत्ताच — बाळ, ऐक, खाली ठेव, एवढंच माझं —