माझी वाटणी

३ जून

आज माझी वाटणी झाली! कपबश्या धाकट्याला, कपाट थोरल्याला, आणि मी दोघांना. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ह्यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही. सभा माझ्याच खोलीत, आणि चहा कुणी केला? मीच! कप देता देता विचारलं, "नेता-आणता मी फुटले-बिटले, तर कुणाच्या महिन्यात धरायचं?" थोरला म्हणाला, "आई, तुला कशातही थट्टा सुचते." सुचते. महिनाअखेर खोली सोडायची म्हणे.

मी जाणार नाही.

५ जून

थोरल्याची मुलगी आली होती. कॉलेजात समाजशास्त्र घेतलंय. मला वाचून दाखवत होती— कुटुंब ही सामाजिक संस्था आहे, शाळाही आहे. कुणी कसं वागायचं ते त्या शिकवतात, माणसाला घडवतात. "कळलं का गं आजी?"

म्हटलं, कळलं की! संस्था म्हणजे एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक चहा करणारी.

पोरगी हसून हसून लोळली. मग म्हणे, "आणि तुला कुणी घडवलं?"

गावच्या शाळेत मुलींनी वर्ग झाडायचा, मुलांनी घंटा वाजवायची. एकदा मीच जाऊन वाजवली. छड्या खाल्ल्या. पण शाळा अर्धा तास आधी सुटली! नात म्हणाली, "हे पुस्तकात नाहीये."

९ जून

खाली शिंपीमास्तरांचं दुकान. घरमालकही तेच. त्यांच्याकडे काज-बटणं करते मी. सध्या शाळेचे शर्ट— ढीगच्या ढीग, सगळे सारखे. पोरं कुठे सारखी असतात? म्हणून प्रत्येकाचं शेवटचं बटण लाल दोऱ्यानं लावते. शर्ट खोचला की दिसत नाही. मास्तरांना पत्ता नाही. लागला तर लागला.

१२ जून

मास्तरांना सांगितलं, खोली मी ठेवतेय. तर म्हणे, "वहिनी, थोरल्यांनी सोडतो म्हणून सांगितलंय. त्यांनाच पाठवा, मग बोलू."

"त्याला मी एकदा पाठवलाय— ह्या जगात! आता परत कितीदा पाठवू?"

गिऱ्हाईक खो-खो हसलं. मास्तर मान खाली घालून कापड कापत बसले. माणूस वाईट नाही. पण घर राखणारा म्हणजे पुरुषच, हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात पक्क्या टाक्यानं शिवून ठेवलंय.

१३ जून

आज बटणं नाहीत. लोळले.

१४ जून

आजही.

१५ जून

मास्तर जिना चढून वर आले! गुडघे धरत. "वहिनी, शाळा उघडतेय. शर्ट नुसते पडून आहेत."

म्हटलं, "थोरल्याला पाठवते. लावेल तो बटणं."

कपाळाला हात लावला. मग त्यांनाच हसू आलं. खोली माझी राहिली— माझ्या शब्दावर!

१९ जून

थोरली सून आली समजवायला. "दोन मुलं असून आई शिंप्याकडे राबते! लोक काय म्हणतील?" आवाज असा की शेजाऱ्यांनाही ऐकू जावा.

"आणि तुझ्याकडे राबले तर काय म्हणतील?"

निघताना जिन्यात थांबली. अगदी हळू विचारलं, "सकाळी उठल्यावर तुमच्याकडे कुणीच काही मागत नाही?"

"नाही."

"मग करता काय?"

"लोळते!"

वाटलं, हसेल. हसली नाही.

२६ जून

दोघं टेम्पो घेऊन हजर! मी आतून कडी घातली.

"आई, दार उघड."

"कोण आहे?"

"आम्ही!"

"आम्ही म्हणजे कोण? संस्था का?"

खाली दुकानात मशीन थांबलं. सगळे कान लावून. थोरला भडकला. "ठीक आहे. राहा इथेच. आमच्या दाराशी परत यायचं नाही." टेम्पो रिकामा गेला. खिडकीतून बघितलं मी. धाकट्यानं एकदा वर पाहिलं. थोरल्यानं नाही.

रडले. लहानपणी ताप आला की थोरला माझा पदर मुठीत धरून झोपायचा. सुटत नसे मूठ. पण कडी काढली नाही. काढणारही नाही.

३० जून

सकाळी दार वाजलं. थोरली सून. हातात कपड्यांची पिशवी. "आई, थोडे दिवस राहू का?"

अगदी ओठावर आलं होतं— नवऱ्याला विचारून आलीस ना? माझ्या ओठावर! जीभच चावली.

चपला उचलून आत आणत होती, कुणाला दिसू नयेत म्हणून. म्हटलं, ठेव बाहेरच. माझ्या चपलांना लागून.