दोन खुर्च्यांचं विमान

३ फेब्रुवारी

खिडकी सकाळी उघड, संध्याकाळी लाव, आणि टेबलावरच्या कशालाही हात लावू नकोस. डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेला माणूस बायकोला एवढंच सांगून गेला. गोळ्या वेळेवर घे नाही, जपून राहा नाही. टॅक्सीत बसल्यावर काच खाली केली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. म्हणाले, जाळीचं झाकण काढू नकोस. काच वर.

लेकीकडे गेलेत. तिच्याकडे डोळ्यांचा डॉक्टर चांगला आहे. मोतीबिंदू पिकलाय, समोर मी आहे की कपाट हे कळत नव्हतं, तरी भिंग लावून विमानं करत बसायचे. वीतभर, प्लास्टिकची. खोक्यात सुटे भाग येतात, ते जोडायचे. जन्मभर फ्लाइंग क्लबात खऱ्या विमानांच्या नटबोल्टांत डोकं घातलं, रिटायर झाल्यावर खोट्यांच्यात घातलं.

पण त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच. सून म्हणते, दिवसभर घरात दुसरं कोणी नसतं म्हणून दिली. तिला माणसं ओळखता येत नाहीत.

निश्चय: कशालाही हात लावायचा नाही.

बीपी: मोजलं नाही. चांगलंच असणार.

४ फेब्रुवारी

खिडकी उघडली. नजर काचेच्या कपाटाकडे गेली. अगं बाई, काय ती घाण! जी विमानं पुरी झालीत ती सगळी ओळीनं उभी, आणि एकेकाच्या पोटाखाली तेलाचे ओघळ, पंखांवर काजळी, चाकांना चिखल. एवढ्याशा विमानाला तेल गळायला कुठलं आलं? कळकट माणूस.

हात लावू नकोस म्हणाले ते टेबलाला. कपाटाचं नाव काढलेलं नाही.

त्याच दिवशी, दुपार

भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. सगळी लख्ख. काही स्टिकर निघून आले. मुळात नीट चिकटवलेच नसणार. एकाचा नंबर पंखावरून घसरून शेपटीवर गेला, तिथे जास्त शोभतो.

सून ऑफिसातून आली आणि तोंडावर हात ठेवून उभीच. म्हणाली, आई, ती घाण नव्हती, बाबांनी रंगवली होती. खडूची पूड करून, रंग पातळ करून, एकेक ओघळ बारीक ब्रशनं ओढला होता. म्हटलं, घाण कोणी रंगवतं का गं? रंगवायचंच तर फुलं नसती का काढली? तर तडक आत गेली. पटलं असणार.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ऑपरेशन छान झालं. मग ह्यांना दिला. बायको कशी आहेस नाही. टेबलाला हात लावला नाहीस ना? म्हटलं नाही. आणि तेव्हा खरंच लावला नव्हता.

बावीस तारखेला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे. वर्षभर एकच जप चाललाय. फ्लाइंग क्लबात एक पिवळं शिकवणीचं विमान होतं. ह्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. पोटच्या पोराला इतकं नाही. हे रिटायर झाले त्याच वर्षी क्लबानं ते भंगारात काढलं. तेच विमान छोटं करून एकदा चाकांवर उभं केलेलं चारचौघांना दाखवायचंय. डोळा त्यासाठीच करून घेतला. माझं तोंड दिसावं म्हणून नव्हे.

८ फेब्रुवारी

जाळीचं झाकण वाऱ्यानं सरकलं. म्हणजे सरकलं असतं. म्हणून मीच नीट ठेवायला उचललं.

विमान मधोमध कापलेलं! करवतीनं. तोंड इकडे, शेपूट तिकडे.

आता सगळा उलगडा झाला. दिसत नव्हतं, नको तिथे करवत चालली, आणि सांगायची लाज म्हणून झाकून ठेवलं. म्हणून तो हात लावू नकोसचा धोशा. बिचारा माणूस. म्हणजे बिचारा काही नाही, पण ह्या एका बाबतीत.

निश्चय: येण्याआधी विमान सांधून ठेवायचं. कळू द्यायचं नाही. कळलं तर मात्र नाकारायचं नाही.

९ फेब्रुवारी

दोन्ही तुकडे सुपर ग्लूनं जोडले. शिवणकाम केलेला हात आहे माझा. फटीत पुट्टी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली, ओल्या बोटानं तपासली. जोड कुठे होता ते मलाही सापडेना. स्वतःचं कौतुक करू नये, पण दुसरं कोणी घरात नव्हतं.

टेबलावर बराच कचरा निघाला. एक ओबडधोबड पांढरं नळकांडं, दोन्ही बाजूंनी उघडं, कशाचंच नाही. त्याला तळ चिकटवला, दात कोरायच्या काड्या ठेवायला झालं. आणि खुर्च्या दोन! खोक्यावरच्या चित्रात माणूस एक, खुर्ची एक. जास्तीची नातीला दिली, बाहुलीला बसायला. ती म्हणाली, आजी, तू किती हुशार आहेस. लहान मुलं खोटं बोलत नाहीत.

बीपी: मशीनचे सेल गेलेत.

१० फेब्रुवारी

जेवताना सुनेला दात कोरायला काडी लागली. डबीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, आई, हा विमानाचा मधला भाग आहे. बाबांच्या पिवळ्या विमानात दोन सीट होत्या, पुढे शिकणारा, मागे मास्तर. तसं किट बाजारात मिळतच नाही. म्हणून एका सीटचं किट कापून मध्ये हा तुकडा घालून ते लांब करताहेत. तुकडा त्यांनी सहा महिने घासून हातानं बनवलाय.

म्हटलं, असं काही असतं तर मला बोलले असते. ते मला सगळं सांगतात.

सून म्हणाली, हो का.

नातीला खुर्ची मागितली. तिनं बाहुलीसकट शाळेत नेली होती. बाहुली परत आली.

१२ फेब्रुवारी

सून चुकत असणार. आणि चुकत नसली तरी एका खुर्चीचं विमान काही वाईट नसतं. मास्तर नसेल तर पोरं जास्त लवकर शिकतात.

निश्चय: विमान इतकं सुंदर करायचं की खुर्ची मोजायची आठवणच होणार नाही.

पिवळा रंग दिला. ब्रशचे केस थोडे आत राहिले. पाठीवरची वायरलेसची तार तुटली होती, म्हणजे पुसताना तुटली, तिथे माझा पांढरा केस ताणून लावला. तारेपेक्षा सरस दिसतो. मग खुर्चीच्या वरची काच बसवली. सुपर ग्लू सढळ हातानं लावला.

१३ फेब्रुवारी

सकाळी काच आतून पांढरी. दुधासारखी. पुसून जात नाही. नखाचं पॉलिश काढायच्या पाण्यानं पुसली, तर वितळायला लागली. सून म्हणाली, त्या ग्लूच्या वाफेनं काच अशीच धुरकटते. मग म्हणाली, बाबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला तो इथे आला. आणि भिंतीकडे तोंड करून हसली. ऑफिसात जाणाऱ्या बाईला हे शोभत नाही.

१६ फेब्रुवारी

आले. काळा चष्मा, तोऱ्यात. डॉक्टरनं महिनाभर वाकायला बंदी केलीय, आणि धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही.

आधी कपाटापुढे गेले. चष्मा वर केला, बघतच राहिले. लेकीला फोन लावून म्हणाले, डॉक्टरला सांग, कमाल केलीस, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ दिसतंय. मी स्वयंपाकघरात होते. माणूस आनंदात असताना मध्ये बोलू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ओघळ कुठे गेले विचारलं. सांगितलं. मग जाळीचं झाकण उचललं.

ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मलाही चार शब्द सुचले असते. विमान हातात घेऊन बसले. बोट फिरवत होते सांध्यावरून, पुढे मागे. शेवटी म्हणाले, जोड कुठाय? म्हटलं, सापडणार नाही, इतक्या सफाईनं केलाय. म्हणाले, तेच तर.

मग काड्यांची डबी आणायला सांगितली. काड्या काढल्या, तळ उचकटला, फुंकर मारली. मागची खुर्ची? म्हटलं, शाळेत गेली. ह्यावर मात्र चष्मा खाली ओढला.

१७ फेब्रुवारी

आज पुन्हा कापायचं ठरलं. ह्यांना वाकता येत नाही, म्हणजे करवत माझ्या हातात. हे मागे खुर्ची टाकून बसले. इथे नको. हळू. अगं हळू. इथे नको म्हटलं ना. जोड सापडत नव्हता, तर मी काय करू? म्हणाले, पंखाच्या मागे बोटभर अंतरावर. कोणाचं बोट ते सांगितलं नाही.

मी माझं बोट धरलं. पंखही थोडा कापला गेला.

१९ फेब्रुवारी

मधला तुकडा बसवला. तोंड डावीकडे, शेपूट उजवीकडे बघतंय. एक पंख मोडलेला, लोंबतोय. काच पांढरी. चाकांवर उभं केलं की नाकावर पडतं. मी म्हटलं, लांबून बघितलं तर कळत नाही. हे म्हणाले, आता मला लांबचंही दिसतं.

दोन जागा झाल्या, खुर्ची एकच. म्हटलं, मास्तर उभा राहून शिकवेल. सून हसली. हे हसले नाहीत. किल्ली मागून घेतली, शर्टाच्या खिशात टाकली.

रात्री जेवले नाहीत नीट. पिवळं विमान चाकांवर उभं राहणार नाही ह्या वर्षी. हे मी नुसतं लिहून ठेवतेय, कबूल केलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळपासून खोलीचं दार आतून बंद. करवतीचा आवाज नाही. दुपारी सुनेला हाक मारून जुन्या पायपुसण्याचा हिरवा तुकडा मागितला. मला नाही मागितला. पायपुसणं माझं आहे.

निश्चय: उद्या प्रदर्शनाला जायचं नाही. बोलावलं तर बघू.

त्याच दिवशी, जेवणानंतर

बोलावलं नाही. जायचं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

गेले. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, भिंगं घेतलेली म्हातारी माणसं. मी थेट दोन खुर्च्यांच्या विमानांच्या टेबलाशी. आपलं नाही. वाटलं, घरीच ठेवून आले.

मग कोपऱ्यात गर्दी दिसली. पाटी होती, प्रसंगचित्रं. तिथे माझं पायपुसणं, कुरणासारखं पसरलेलं, आणि त्यात नाक खुपसून पिवळं विमान. पंख लोंबतोय, काचेत धूर कोंडलेला, माझा केस सुटून वाऱ्यावर हलतोय. शेजारी मातीत एक बारीकसा माणूस डोकं धरून बसलेला. खुर्ची नसलेला मास्तर.

भिंगवाला परीक्षक दुसऱ्याला सांगत होता, काचेवरचा धूर बघा, असा परिणाम मी आजवर पाहिला नाही. दुसरा म्हणाला, आणि ती तुटलेली तार! मी मागून म्हटलं, ती तार नाही. हे खाकरले.

दुसरं बक्षीस मिळालं. हे कप घ्यायला गेले, पण तोंडावर काही नाही. पाटी जवळून वाचली. बारीक अक्षरं वाचायला वेळ लागतो मला, लोक मागे थांबले होते. सगळ्यात वर प्रसंगाचं नाव, शिकवणीचा पहिला दिवस. खाली ह्यांच्या अक्षरात: विमान – मी. अपघात – बायको.

टॅक्सीत म्हटलं, माझं नाव खाली का? म्हणाले, पुढच्या वर्षीसाठी उद्याच पुन्हा करायला घेणार आहे, चाकांवर उभं. तू खिडकीलाही हात लावायचा नाहीस. किल्ली काढून दाखवली आणि परत खिशात टाकली. म्हटलं, महिनाभर वाकायचं नाही, करवत कोण धरणार? खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, बोट माझं धरायचं.

बीपी: सेल आणायला सुनेला सांगितलंय.

२३ फेब्रुवारी

मॉडेलवाल्यांच्या मासिकाचा माणूस आज फोन करणार आहे. काचेवर धूर कसा आणला, पंख इतका खरा कसा मोडला, सविस्तर कृती हवीय त्याला. ह्यांनी सांगून ठेवलंय, अपघात हिचा आहे, हिलाच विचारा.

वाजतोय. मी देवळात गेलेय, पायपुसणं वाळत घालतेय, झोपलेय, काहीही सांगा. फोन सुनेनं उचलावा आणि उत्तर तिनंच द्यावं. काच बघून हसली होती ना.