आईच्या खोलीचं काम

४ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टर म्हणाले, आईला वीस तारखेला घरी न्या. वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी तिथेच उभ्याउभ्या मनात मोजायला लागले. बाथरूमचं दार दोन फूट, वॉकर त्याहून रुंद. शिवाय तिथला उंबरा, ज्याला अडखळून तिचा खुबा मोडला. हातात सोळा दिवस, आणि काम करणारा एकही माणूस ओळखीचा नाही!

६ फेब्रुवारी
पहिला ठेकेदार येऊन गेला. जिभेवर नुसती साखर. "ताई, तुम्ही फक्त फरशीचा रंग निवडा, बाकी माझ्यावर सोडा." मोजायची टेप खिशातून निघालीच नाही. मोबाइलवर चकाचक बाथरूमांचे फोटो. यातलं एखादं प्रत्यक्ष बघायला मिळेल का विचारलं, तर त्या घरांची माणसं म्हणे परदेशी गेली. सगळीच? काय काय करणार ते लिहून द्या म्हटलं तर हसला. विश्वासावर चालतं सगळं, म्हणाला.
मी त्याचं नाव ठेवलंय गोडबोल्या.

७ फेब्रुवारी
लिहून मागणं म्हणजे अविश्वास का? दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत हाच विचार. तिथे तर चिठ्ठीशिवाय नळी कोणी हातात घेत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
लॅबमधल्या मैत्रिणीने एक म्हातारा मिस्त्री सुचवला. चेहरा असा, की आपणच त्याचं काहीतरी उचललंय. बसला नाही, पाणी घेतलं नाही. दार मोजलं, दोनदा. मग विचारलं, आईंची उंची किती? कोणत्या पायाचं ऑपरेशन? उठताना जोर कोणत्या हाताचा? भिंतीला धरायचा दांडा त्याच बाजूला लावायचा म्हणे.
मला सांगता येईना. इतकी वर्षं एका घरात राहून! आईलाच फोन लावला. "डावा," ती म्हणाली, "आणि हे आज कुठून सुचलं तुला?"
जाताना कागदावर सगळं लिहून दिलं. काय करणार, काय नाही, कधी. खाली तीन जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते. "तिसऱ्या बाई माझ्यावर चिडून आहेत. आधी त्यांच्याकडे जा."

१० फेब्रुवारी
गेले. निवृत्त शिक्षिका आहेत. मिस्त्रीचं नाव काढताच त्यांनी सुस्कारा टाकला. पंधरा दिवस म्हणाला आणि महिना लावला, तोंडाचा फटकळ, धूळ स्वयंपाकघरापर्यंत. पण वर्षभराने नळामागे ओल आली तेव्हा एका फोनवर दुसऱ्या दिवशी दारात हजर.
पुन्हा बोलवाल का त्याला, मी विचारलं.
"शिव्या देत देत बोलवीन."
घरी येऊन त्याला होकार कळवला.

१४ फेब्रुवारी
उंबरा गेला. दार रुंद झालं. चहातसुद्धा धूळ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बाथरूम झालं, दांडाही बसला, आणि आता काम थांबलं!
पलंगाजवळ घंटीचं बटण बसवायला मिस्त्री आईच्या खोलीत गेला आणि हातोडीच्या दांड्याने छत ठोकत बसला. आवाज पोकळ येतो म्हणे. आतल्या सळ्या गंजल्यात. या खोलीत कोणी झोपायचं नाही, आणि दुरुस्तीला अजून तीन आठवडे. आईचं येणं तीन दिवसांवर आलंय!
दादाला फोन केला. तो परगावी बसून निवांत सांगतोय, हे लोक असंच करतात, आधी घर उखडून ठेवतात, मग काम वाढवतात. राहवेना म्हणून गोडबोल्यालाही लावला. न बघताच म्हणाला, किरकोळ ओल असेल, पुट्टीचा एक हात मारतो, आईंना खुशाल झोपवा.
ऐकून किती बरं वाटलं. बरं वाटलं तेच आता डाचतंय.

१८ फेब्रुवारी
मिस्त्रीला तोंडावर विचारलं, काम वाढवायला सांगताय ना हे? भडकेल असं वाटलं होतं. नाही भडकला.
"माझ्यावर विश्वास ठेवू नका. इंजिनिअर आणा. माझ्या ओळखीचा नको, तुम्ही शोधा. पण तोवर पलंग बाहेर काढा."
छताला टेकू लावून देऊ का, असंही विचारत होता. मी म्हटलं, इंजिनिअर बघेपर्यंत कशालाही हात लावू नका. जरा तोडूनच बोलले. इंजिनिअर मिळाला, पण सोमवारी येणार. पलंग मात्र दोघांनी मिळून हॉलमध्ये ओढला.

२० फेब्रुवारी
आई आली. हॉलमध्ये पलंग बघून म्हणाली, "माझी खोली भाड्याने दिलीस की काय?" मग वॉकर टेकत एकटी बाथरूमला गेली. मी दाराबाहेर कान लावून उभी. बाहेर आली, एवढंच म्हणाली की दांडा हाताला बरोबर येतो.

२१ फेब्रुवारी
हॉलमध्ये तिला झोप नाही. येणारे-जाणारे, टीव्ही, फोन. सकाळपासून एकच धोशा, दुपारची तरी झोप माझ्या खोलीत घेऊ दे, खाट टाक तिथे. किती समजावू? मलाही आता वाटायला लागलंय, मिस्त्रीने उगाच बाऊ केला. इतकी वर्षं झोपलीच ना ती तिथे! शेवटी म्हटलं, बरं, उद्या जेवण झालं की टाकते खाट.

२२ फेब्रुवारी, रविवार
अकरा वाजता छताचा लादीएवढा तुकडा खाली आला. आई तेव्हा हॉलमध्ये वेणी घालत होती. खोलीत पलंगाचं डोकं असायचं तिथली फरशी फुटलीय.
मिस्त्रीला फोन लावला. "छत—" एवढंच म्हणाले.
"आई कुठे आहेत?" त्याने विचारलं.