जखमेचं पथ्य

४ ऑगस्ट
शिबिरात तपासून आले. ह्यांच्याजवळ झोपले की डाग पडतो, म्हणून. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, गर्भपिशवीच्या तोंडाला जखम आहे, जाळून घ्या, वाढली तर पिशवी काढावी लागेल. दोन मिनिटांत आटोपलं. परी चार वर्षांची झाली, आता मला दुसरं हवंय. पिशवीच गेली तर...
दुकानात एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

५ ऑगस्ट
सासूबाईंना सांगितलं आणि फसले. जखम म्हटल्यावर जखमेचं पथ्य सुरू. वांगं बंद, चिंच बंद, लोणचं बंद, जखम चिघळते म्हणे. दोन वेळा हळदीचं दूध. शिलाई मशीनही नको, पाय हलले की टाके तुटतात. कुठले टाके, विचारायची सोय नाही.

८ ऑगस्ट
सगळ्यांना भरली वांगी, मला मुगाचं वरण. ह्यांनी गुपचूप एक वांगं माझ्या ताटात सरकवलं. सा.बा.नी उचलून परत पातेल्यात टाकलं. हे हसले. मी चिडले होते, पण मलाही हसू आवरेना.

११ ऑगस्ट
अंबडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सा.बा. हट्टानं बरोबर. बाईंनी नीट तपासलं, नीट सांगितलं. जखम नाहीच! पिशवीच्या तोंडाच्या आतली नाजूक त्वचा जरा बाहेर आलीय, म्हणून लाल दिसते, लागलं की रक्त येतं. पुष्कळ जणींना असतं, गरोदरपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असताना जास्त. मी परीपासून गोळ्याच घेतेय. हा कॅन्सर नाही. पण डाग पडतो तर खात्री करायचीच, म्हणून नमुना घेतला. जाळायचं कधी? त्रास फार असेल तरच. मूल व्हायला अडचण नाही.
सा.बा.नी विचारलं, "मंग वांगं चालतं का?"
बाई म्हणाल्या, दोन खा.
स्टँडवर उसाचा रस प्यायलो, मी दोन ग्लास.

२० ऑगस्ट
रिपोर्ट चांगला. काही नाही, काही नाही, काही नाही. दुकानातच रडले, माप द्यायला आलेली बाई घाबरली. गोळ्या बंद करायच्या, डाग कमी होतो का बघायचं. नाही झाला तर परत दाखवायचं. हे आत्तापासूनच पोराचं नाव काय ठेवायचं विचारतात. लाज नाही माणसाला.

२१ ऑगस्ट
दुपारी सा.बा. हूक लावायला माझ्याजवळ बसल्या. दोन-तीन लावून झाल्यावर म्हणाल्या, "मला बी जखमच सांगितल्ती. अठ्ठावीसची व्हते. काढूनच टाकली पिशवी."
ह्यांच्या पाठीवर कुणी का नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.
म्हटलं, "आत्या, तुमचं येगळं काही असंल."
"असंल. पण असा नमुना न्हाई घेतला कुणी. बघितलं आन् काढली."
त्यांनी अजून एक हूक लावला, दोरा दातानं तोडला.
"तुला अंबडला जायचं झालं तर मी बी येते. बाईला एक विचारायचंय."
या, म्हटलं. काढायची गरजच नव्हती असं बाईंनी सांगितलं तर बसमध्ये परत येताना मी त्यांच्याशी काय बोलू?